कुकर, कढई आणि सोऱ्या: अमेरिकेच्या पश्चिमेतले ज्वालामुखी समजून घेताना

कॅलिफोर्नियातल्या लासन ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानात, समिट लेकच्या काठी, साधारण २,००० मीटर उंचीवर, जुलैमधल्या एका संध्याकाळी आम्ही तूरडाळ शिजत लावली. कुकर घरी सॅक्रामेंटोलाच राहिला होता. ‘साध्या पातेल्यात शिजेल की, अर्धा तास जास्त लागेल,’ असे नवऱ्याचे म्हणणे होते आणि मीही वाद घातला नाही. पाणी खळखळा उकळत होते, झाकण थडथडत होते. पण दीड तासाने एक दाणा बोटांनी चेपून पाहिला, तर मध्ये कणी तशीच होती. शेवटी पाव आणि चटणीवर भागवले. त्या रात्री ती अर्धकच्ची डाळ वाया गेली, पण पुढच्या दहा दिवसांत जे जे पाहिले ते समजून घेण्याची किल्ली तिच्यातच होती, म्हणून सुरुवात तिच्यापासून करते.

पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेत पाठ केलेले वाक्य समुद्रसपाटीपुरतेच खरे आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा भार असतो आणि वाफेला बाहेर पडण्यासाठी तो भार उचलावा लागतो. उंचावर हवा विरळ, भार कमी, त्यामुळे वाफ लवकर सुटते. दोन हजार मीटरवर पाणी सुमारे ९३ अंशांनाच उकळू लागते. एकदा उकळी फुटली की कितीही जाळ लावला तरी उघड्या पातेल्यातले पाणी त्याहून तापत नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. डाळीला हवे असते तापमान. खळखळाटाशी तिला देणेघेणे नसते. कुकर नेमके उलटे करतो: झाकण आणि शिट्टीचे वजन मिळून वाफेला अडवतात, आत दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. थोडक्यात, एखादा पदार्थ कधी उकळेल किंवा कधी वितळेल हे केवळ उष्णतेवर ठरत नाही, त्यावर किती दाब आहे यावरही ठरते. ज्वालामुखीच्या शास्त्रातली निम्मी कोडी या एका वाक्याने सुटतात.

आमचा मार्ग असा होता: सॅक्रामेंटोहून उत्तरेला लासन, तिथून लाव्हा बेड्स, मग ओरेगन राज्यातले क्रेटर लेक, त्यानंतर पूर्वेला वळून आयडाहोमधले ‘क्रेटर्स ऑफ द मून’ आणि शेवटी यलोस्टोन. नकाशावर ही सगळी ठिकाणे ‘ज्वालामुखी’ या एकाच शब्दाखाली येतात, पण प्रत्यक्षात एकाचा चेहरा दुसऱ्याला लागत नाही. कुठे टोकदार डोंगर, कुठे खोल निळे तळे, कुठे मैलोन्‌मैल काळा खडकाळ माळ, तर कुठे डोंगरच नाही, नुसते धुमसणारे पठार. ही विविधता का, हा या लेखाचा विषय आहे.

सगळ्या ज्वालामुखींना लागणारा कच्चा माल एकच: वितळलेला खडक, म्हणजे शिलारस. पण पायाखाली कायमचा शिलारसाचा समुद्र पसरलेला आहे ही समजूत चुकीची आहे. भूकवचाखालचे प्रावरण प्रचंड तापलेले असले तरी जवळजवळ सगळीकडे घन आहे. वरच्या खडकांच्या भाराने ते वितळायचे थांबले आहे, जसे कुकरमधले पाणी १०० अंश ओलांडूनही उकळत नाही. ते वितळवायचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला म्हणजे दाब कमी करणे. खोलवरचा तप्त खडक हळूहळू वर सरकला की त्याच्यावरचा भार घटतो आणि वेगळी उष्णता न देताही तो वितळू लागतो. दुसरा मार्ग म्हणजे त्यात पाणी मिसळणे. सोनार मुशीत टाकणखार घालतो, तेव्हा मळ कमी उष्णतेवर वितळून सुटा होतो. तप्त खडकात पाणी शिरले की त्याचाही वितळणबिंदू असाच खाली येतो. आमच्या प्रवासाचा पहिला अर्धा भाग पाण्याच्या ज्वालामुखींचा होता आणि दुसरा दाबाच्या.

पाणी तिथे येते कुठून, तर पॅसिफिक महासागराच्या तळातून. उत्तर कॅलिफोर्नियापासून कॅनडाच्या सीमेपलीकडेपर्यंत किनाऱ्याजवळ समुद्रतळाचा एक लहानसा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, अमेरिकेच्या खंडाखाली सरकतो आहे. समुद्रात लाखो वर्षे भिजलेल्या त्या खडकांच्या खनिजांत पाणी मुरलेले असते. भूपट्ट शंभरेक किलोमीटर खोल गेला की उष्णतेने आणि दाबाने ते पाणी पिळून निघते, वरच्या प्रावरणात शिरते आणि तिथे शिलारस तयार होतो. म्हणून किनाऱ्याला साधारण समांतर अशी ज्वालामुखींची रांग उभी आहे: दक्षिणेला लासन, मग शास्ता, हूड, सेंट हेलेन्स, रेनियर. या रांगेला कास्केड पर्वतरांग म्हणतात.

आता शिलारस तयार झाला, पण तो बाहेर कसा पडेल हे त्याच्या घट्टपणावर ठरते आणि घट्टपणा मुख्यतः सिलिकेवर. सिलिका म्हणजे वाळूचा आणि काचेचा मूळ घटक. बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, यात तिचे प्रमाण सुमारे निम्मे असते. असा रस ११०० ते १२०० अंशांना बाहेर येतो आणि पातळपणे वाहतो. सिलिका ६५ टक्क्यांच्या पुढे गेली की रस चिकट, घट्ट होतो. शिवाय प्रत्येक शिलारसात पाण्याची वाफ आणि कर्बवायू विरघळलेले असतात, आणि वर येताना दाब कमी झाला की ते बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतात. पातळ कढी उकळताना बुडबुडे मुकाट्याने वर येऊन फुटतात. घट्ट पिठले रटरटू लागले की बुडबुडा आत अडकतो, फुगतो आणि मग फटकन फुटून हातावर चटका देतो. ज्वालामुखी शांतपणे वाहणार की स्फोट होणार, याचे पहिले उत्तर कढी की पिठले या प्रश्नात आहे.

लासन शिखर हे पिठल्याच्याही पुढचे प्रकरण आहे. सुमारे २७,००० वर्षांपूर्वी तिथे इतका घट्ट रस वर आला की त्याला वाहताच आले नाही. चकलीचे पीठ फार घट्ट भिजले की ते सोऱ्याच्या तोंडाशीच गोळा होऊन बसते, तसा तो विवराच्या तोंडावर ढीग होऊन थिजला. या प्रकाराला ‘प्लग डोम’ म्हणतात आणि ३,१८७ मीटर उंचीचे लासन शिखर हे जगातल्या मोठ्या प्लग डोमपैकी एक आहे. उंच कड्यांवरून सुटलेल्या दगडगोट्यांच्या उतरणी पाहिल्या की हा डोंगर वाहून तयार झालेला नाही, ढकलून वर आलेला आहे, हे कुणी न सांगताही जाणवते. १९१४ साली तो पुन्हा जागा झाला. २२ मे १९१५ रोजी झालेल्या मोठ्या स्फोटात राखेचा स्तंभ उठला आणि वितळलेल्या बर्फात मिसळलेला चिखल दरीतून धावत गेला. किरकोळ हालचाल १९१७पर्यंत चालू होती. त्या उद्रेकामुळेच १९१६मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले.

शिखराच्या दक्षिणेला बंपास हेल नावाचे खोरे आहे. गंधकाचा, सडलेल्या अंड्यासारखा वास वाटेवरच सुरू होतो. खाली उतरल्यावर एका खड्ड्यात करडा चिखल रटरटताना दिसतो. प्रत्येक बुडबुडा क्षणभर घुमटासारखा फुगतो आणि ‘पक्‌’ असा आवाज करून बसतो. शेजारच्या भेगांतून वाफ इतक्या जोराने सुटत असते की बोलणे ऐकू येत नाही. खाली शिल्लक असलेली उष्णता आणि हिवाळ्यातल्या बर्फाचे मुरलेले पाणी यांचा हा खेळ. खोऱ्याला ज्याचे नाव आहे तो केंडल बंपास १८६०च्या दशकात लोकांना ही जागा दाखवत असे. वरून घट्ट दिसणाऱ्या जमिनीचा पापुद्रा फुटून त्याचा पाय उकळत्या चिखलात गेला आणि पुढे तो पाय कापावा लागला. लाकडी पायवाट सोडू नका, या जागोजागी लावलेल्या सूचनेकडे मी एरवी सूचनांकडे पाहते तसे पाहिले नाही. यलोस्टोनमध्ये अशाच उष्ण कुंडांनी आजवर वीसहून अधिक जीव घेतले आहेत.

लाव्हा बेड्स हे लासनपासून एका दिवसाच्या आतले ठिकाण, पण तिथे रस पातळ होता. पातळ लाव्हा वाहू लागला की हवेशी संपर्क येणारा वरचा थर आधी थंड होतो, आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तशी त्याच्यावर साय धरते. खालचा प्रवाह पुढे सरकला की ती ओढली जाऊन सुरकुतते, आणि थिजल्यावर दोरखंडाचे पेड एकाशेजारी एक ठेवल्यासारखा खडक तयार होतो. साय जाड झाली की ती खालच्या लाव्हाला गोधडीसारखी ऊब देते, त्यामुळे आतला लाव्हा न थिजता दूरवर वाहतो. उगमाकडून पुरवठा थांबला की तो पुढे निघून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. अशा आठशेहून अधिक गुहा या भागात सापडल्या आहेत. बॅटरीच्या उजेडात भिंतीवर आडव्या रेषा दिसतात, त्या वाहत्या लाव्हाच्या उतरत गेलेल्या पातळ्यांच्या आहेत. आपल्याकडे पूर ओसरल्यावर घराच्या भिंतीवर राहतात तशाच. बाहेर उन्हाने जीव कासावीस होत असताना एका गुहेच्या तळाशी बर्फ होते, हेही खरे. हिवाळ्यातली जड थंड हवा आत उतरून तिथेच बसून राहते.

क्रेटर लेकबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण इथल्या तळ्याविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि त्यातला एक महाराष्ट्राशी जोडलेला आहे.

आठ-दहा किलोमीटर रुंदीचा, कड्यांनी वेढलेला, जवळजवळ गोल खळगा आणि त्यात निळे पाणी: छायाचित्र पाहून अनेकांना वाटते की इथे उल्का पडली असावी. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे विवर अगदी उलट कारणाने फसवते. ते बेसाल्टच्या प्रदेशात असल्यामुळे बराच काळ ज्वालामुखीचे मुख समजले जात होते. प्रत्यक्षात ते उल्केच्या आघाताने झालेले आहे. लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, म्हणजे क्रेटर लेकच्या खळग्यात लोणारची वीसेक विवरे बसतील. दोन्ही ठिकाणी गोल भोक आहे, पण एक वरून आदळून झाले आणि दुसरे खालून रिकामे होऊन.

सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी इथे तळे नव्हते. अंदाजे ३,७०० मीटर उंचीचा एक ज्वालामुखी पर्वत होता; भूशास्त्रज्ञांनी त्याला मझामा असे नाव दिले आहे. त्याच्या पोटातला घट्ट, वायूने भरलेला शिलारस थोड्याच अवधीत बाहेर पडला. किती, तर सुमारे ५० घन किलोमीटर. १९८० साली सेंट हेलेन्सचा उद्रेक जगभर गाजला, तेव्हा उडालेली राख आणि खडक सुमारे १ घन किलोमीटर होते, यावरून प्रमाण लक्षात येईल. मझामाची राख कॅनडापर्यंत पसरली आणि ग्रीनलंडच्या बर्फातही सापडली आहे. पोट रिकामे झाल्यावर वरचा पर्वत निराधार झाला आणि आत कोसळला. शिखर उडून गेले असे पुष्कळदा सांगितले जाते, पण ते तसे नाही. ते बहुतांशी स्वतःच्याच पोटात खचले. अशा खचून झालेल्या खळग्याला ‘काल्डेरा’ म्हणतात. स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांतल्या या शब्दाचा अर्थ काहिल, मोठी कढई. आम्ही दोघे बोलताना त्याला सरळ कढईच म्हणत होतो.

कढई पाण्याने भरायला साडेसातशे वर्षांहून कमी काळ लागला असावा असा अंदाज आहे. या तळ्याला नदी येऊन मिळत नाही आणि त्यातून नदी निघतही नाही. वर्षाला सरासरी तेरा मीटर बर्फ पडते. ते वितळून आणि पावसाने जेवढे पाणी येते, तेवढेच बाष्पीभवनाने आणि झिरपून जाते. नदी नाही म्हणून गाळ नाही, गाळ नाही म्हणून पाणी कमालीचे नितळ. सर्वांत खोल जागी ते ५९० मीटरांहून अधिक खोल आहे. अमेरिकेत याहून खोल तळे नाही. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेते आणि निळा खोलवर जाऊन परत फिरतो, म्हणून तो रंग. कड्यावरून पाहिले तेव्हा तो मला खरा वाटला नाही. नीळ जास्त पडलेल्या बादलीतल्या पाण्याची आठवण झाली. मध्येच विझार्ड आयलंड नावाचे शंकूच्या आकाराचे बेट आहे, ते पर्वत कोसळल्यानंतरच्या लहान उद्रेकांतून तयार झालेले.

या उद्रेकाला साक्षीदार होते. या भागातल्या क्लामथ लोकांच्या कथेत पाताळाचा स्वामी लाओ आणि वरच्या जगाचा स्वामी स्केल यांचे युद्ध होते आणि शेवटी लाओचा पर्वत खचतो. कथांमध्ये घडलेले किती आणि रचलेले किती हे सांगणे अवघड असते. पण १९३८ साली ओरेगनमधल्याच फोर्ट रॉक गुहेत मझामाच्या राखेच्या थराखाली सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीपासून विणलेल्या चपलांचे अनेक जोड सापडले. त्यांचे वय नऊ हजार वर्षांहून अधिक भरले. म्हणजे माणसे तिथे होती आणि त्यांच्या चपलांवर राख पडली. पर्वत खचल्याची गोष्ट तीनशे पिढ्यांनी सांगत आणली असेल, तर मला त्यात अशक्य काही दिसत नाही.

सेंट हेलेन्सला आम्ही गेलो नाही, कारण ते बरेच उत्तरेला पडते, पण दाबाचा विषय त्याच्याशिवाय पुरा होत नाही. १९८०च्या वसंतात त्या डोंगराच्या उत्तर उतारावर फुगवटा आला आणि तो दिवसाला सुमारे दीड मीटर वाढत होता. आत घट्ट रस शिरत होता, पण वरचा डोंगर झाकणासारखा बसला होता. १८ मे रोजी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला आणि तो सगळा उतार घसरून गेला. लिखित इतिहासातली ही सर्वांत मोठी दरड समजली जाते. दाब उतरण्याआधी कुकरचे झाकण उघडले तर खिचडी छताला लागते; इथे झाकण एका बाजूने उघडले, त्यामुळे स्फोट वर न जाता आडवा गेला. ५७ माणसे दगावली आणि डोंगराची उंची चारशे मीटरने घटली.

क्रेटर लेकहून पूर्वेला जाताना आम्ही २६ क्रमांकाचा महामार्ग धरला, तो मुद्दाम पिक्चर गॉर्ज पाहायला. ही अरुंद घळ आहे, रस्ता नदीला खेटून जातो आणि दोन्ही बाजूंना काळ्या-तपकिरी खडकाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक चढत जातात. मी छायाचित्र काढून पुण्याला सासूबाईंना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला: ‘अगं, हे ताम्हिणीत कधी गेलात तुम्ही?’

त्यांची चूक नव्हती. पिक्चर गॉर्जचे थर कोलंबिया नदीच्या प्रदेशातल्या बेसाल्टच्या महापुराचे आहेत. इथे एक डोंगर फुटलेला नाही. १ कोटी ७० लाख ते १ कोटी ५० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि कढीसारखा पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरत गेला. त्याने सुमारे २ लाख १० हजार चौरस किलोमीटर प्रदेश झाकला. आपले दख्खनचे पठार याच प्रकारचे, पण त्याहून बरेच थोरले आणि जुने: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आणि आज उरलेले क्षेत्रही ५ लाख चौरस किलोमीटरांच्या घरातले. पातळ लाव्हा पाण्यासारखा सपाट पसरतो, म्हणून आपल्या किल्ल्यांना सपाट माथे आणि ताशीव कडे आहेत, टोकदार शंकू नाहीत. घाटातल्या रस्त्यासाठी डोंगर कापला की काळ्या थरांमध्ये कधीकधी तांबूस मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये उसंत मिळाली, त्या काळात खालच्या खडकाची माती झाली आणि नव्या लाव्हाने ती भाजून काढली, असे तो पट्टा सांगतो. लहानपणी एसटीच्या खिडकीतून मी तो शेकडो वेळा पाहिला होता. तो विटेसारखा भाजलेला आहे, हे मात्र सात समुद्र ओलांडल्यावर कळले.

आयडाहोतल्या ‘क्रेटर्स ऑफ द मून’ला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अशा वेळी तिथे जाऊ नये. काळा खडक उन्हात ६० अंशांच्या वर तापतो आणि सावलीला झाड नाही. गाडीतले पाणी चहाला चालेल इतके कोमट झाले होते. या जागेचे नाव थोडे फसवे आहे, कारण चंद्रावरची बहुतेक विवरे उल्कांच्या आघातांनी झालेली आहेत, ज्वालामुखीने नाही. तरीही १९६९ साली अपोलो मोहिमेतल्या अंतराळवीरांना लाव्हाचे खडक ओळखायला शिकवण्यासाठी इथे आणले होते. इथला लाव्हा १५,००० ते २,००० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेवटचा प्रवाह वाहिला तेव्हा आपल्याकडे सातवाहनांचा काळ होता.

हातात घेतलेला एक दगड आठवतो (घेतला, पाहिला आणि जागेवर ठेवला, राष्ट्रीय उद्यानातून खडाही उचलून नेणे गुन्हा आहे). अपेक्षेपेक्षा हलका, कडा काचेसारख्या धारदार, आणि सगळ्या अंगाला जाळीदार भोके. ही भोके म्हणजे सुटून गेलेल्या वायूचे बुडबुडे. आपल्या काळ्या पाषाणातही अशीच भोके असतात, पण ती बहुधा रिकामी नसतात. कोट्यवधी वर्षे झिरपलेल्या पाण्याने त्यांत पांढरी, कधी हिरवट स्फटिके भरली आहेत. पुणे आणि जळगाव परिसरातली ती झिओलाइटची स्फटिके जगभरच्या संग्रहालयांत गेली आहेत. दोन हजार वर्षांचा बेसाल्ट आणि साडेसहा कोटी वर्षांचा बेसाल्ट यांत फरक काय, याचे उत्तर त्या भोकांत आहे.

इथून यलोस्टोनपर्यंतचा रस्ता सपाट मैदानातून जातो. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला डोंगर आणि मध्ये कुणी हाताने पुसून काढल्यासारखा रुंद पट्टा. कारण असे सांगतात की खाली खोलवर एक स्थिर तप्त जागा आहे, जणू चूल, आणि तिच्यावरून अमेरिकेचा भूपट्ट वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर, म्हणजे साधारण आपली नखे वाढतात त्या वेगाने, नैर्ऋत्येला सरकतो आहे. ही चूल किती खोलवरून पेटते याबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत, पण तिचा माग स्पष्ट आहे. सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ती ओरेगन-नेवाडाच्या सीमेजवळ होती, आज यलोस्टोनखाली आहे, आणि मधल्या वाटेवर एकामागून एक कढया खचत गेल्या. वर नंतरचा बेसाल्ट पसरला. तेच ते सपाट मैदान.

तप्त खडक वर येताना दाब घटल्याने वितळतो आणि मुळात पातळ बेसाल्टच तयार होतो. पण यलोस्टोनमध्ये तो जाड खंडीय कवचाखाली अडकतो, त्या कवचालाच वितळवतो आणि त्यातून ७० टक्क्यांहून अधिक सिलिका असलेला अतिशय घट्ट रस तयार होतो. म्हणून इथले उद्रेक भयंकर होते: २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ४० हजार वर्षांपूर्वी. शेवटच्या उद्रेकाची कढई इतकी मोठी आहे की आपण तिच्यात उभे असतो आणि ती दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दर वर्षी फिरणाऱ्या ‘यलोस्टोन फुटायची वेळ उलटून गेली’ या संदेशाबद्दल एवढेच सांगते की ज्वालामुखीला वेळापत्रक नसते. तीन उद्रेकांमधल्या दोन अंतरांची सरासरी काढून तारीख ठरवणे हा अंकगणिताचा दुरुपयोग आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने अशा उद्रेकाची कोणत्याही एका वर्षातली शक्यता ७ लाख ३० हजारांत एक अशी मांडलेली आहे, आणि तिथला उथळ शिलारससाठा आज बहुतांशी घन आहे.

१८७२ साली यलोस्टोन जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते मुख्यतः इथल्या गरम पाण्याच्या कारंज्यांमुळे. त्यांना ‘गीझर’ म्हणतात. आपल्याकडे हा शब्द न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला असतो, त्यामुळे घरी सांगताना गोंधळ होतो. गरम झरे कोकणातही आहेत. उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे, ठाणे जिल्ह्यातले वज्रेश्वरी. तिथे मात्र खाली शिलारस नाही. भेगांतून खोल गेलेले पाणी पृथ्वीच्या स्वाभाविक उष्णतेने तापून वर येते. शिवाय गीझरला उष्णता आणि पाणी यांच्या जोडीला अरुंद, मजबूत नळी लागते.

आता समिट लेकची डाळ आठवावी. यलोस्टोनमध्येही जमिनीवर पाणी सुमारे ९३ अंशांना उकळते. पण नळीत वीस मीटर खाली असलेल्या पाण्यावर वरच्या वीस मीटर पाण्याचे वजन असते, म्हणून ते कुकरमधल्यासारखे १०० अंश ओलांडूनही उकळत नाही. तापता तापता एक क्षण असा येतो की काही बुडबुडे वर चढतात आणि तोंडाशी असलेले थोडे पाणी बाहेर सांडवतात. ‘ओल्ड फेथफुल’समोर बसलो असताना हे स्पष्ट दिसते: आधी दोन-तीनदा हातभर उंचीचे शिंतोडे उडतात आणि लोक निराश होऊन फोन खाली करतात. पण तेवढे पाणी सांडल्यामुळे खालच्या पाण्यावरचा भार कमी झालेला असतो. ते एकदम वाफ होते, वाफेला सोळाशेपट जागा लागते, ती वरचे सगळे पाणी उडवून लावते, भार आणखी घटतो आणि आणखी खालचे पाणी उकळते. तीस ते पंचावन्न मीटरचा फवारा दोन ते पाच मिनिटे चालतो. फवारा लांबला तर पुढची वाट साधारण दीड तासाची, लवकर आटोपला तर सुमारे एक तासाची; टाकी जितकी जास्त रिकामी झाली तितकी भरायला वेळ लागतो, हा हिशेब आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचाच आहे. त्यावरूनच कर्मचारी पुढची वेळ फळ्यावर लावतात.

ग्रँड प्रिझमॅटिक या कुंडाभोवती पिवळे, नारिंगी, तपकिरी पट्टे आहेत. ते रंग खनिजांपेक्षा सूक्ष्मजीवांचे आहेत. मधले पाणी फार कढत म्हणून निळे आणि निर्जंतुकच दिसणारे, कडेकडे गार होत जाते तसे वेगवेगळे जीव तिथे वस्ती करतात. लोणारचे पाणी २०२० साली गुलाबी झाले त्यामागेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवच होते. यलोस्टोनच्या झऱ्यांतून १९६०च्या दशकात थॉमस ब्रॉक यांनी शोधलेल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस या जिवाणूचे विकर (एन्झाइम) उकळत्या तापमानालाही तग धरते, आणि पीसीआर चाचणीचे तंत्र त्याच्यावर उभे राहिले. कोविडच्या साथीत नाकात काडी घालून ही चाचणी करून घेतलेल्या प्रत्येकाचा या झऱ्यांशी असा दूरचा संबंध आहे.

हा प्रवास करायचा झाल्यास जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचाच काळ खरा. लासन आणि क्रेटर लेकचे उंचावरचे रस्ते बर्फामुळे जूनअखेरपर्यंतही बंद असू शकतात आणि ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुराने क्रेटर लेकची पलीकडची कड दिसेनाशी होते. अस्वलांमुळे खाण्याचे सगळे सामान लोखंडी पेटीत ठेवावे लागते, त्यात लोणच्याची बरणीही आली. आणि कुकर न्यावा. आम्ही वाटेत एक लहान विकत घेतला. यलोस्टोनच्या तळावर त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या तंबूतले गृहस्थ धावत बाहेर आले होते.

परत आल्यावर सासूबाईंनी फोनवर विचारले, ‘मग आपल्या ताम्हिणीखाली आहे का गं ती चूल अजून?’ नाही. दख्खनचा लाव्हा आला तेव्हा भारत त्या चुलीवर होता आणि वेगाने उत्तरेला चालला होता. भारत पुढे निघून गेला, चूल मागे राहिली. यलोस्टोनची चूल मैदानातून माग ठेवत आली, तशी हिने समुद्रातून ठेवला आहे: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही त्या मागावरची बेटे. आज ती हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर लाव्हा सोडतो, ताम्हिणीत गोठला आहे तसाच, पातळ आणि काळा.